एप्रिलमधलं धुकं

मी एका माणसाची अब्रू घालवली. रागाच्या भरात नाही. पाच महिने शांतपणे खपून, एकेक पायरी ठरवून. आज मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि त्यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं. वडील लष्करी गणवेश शिवायचे. शाळा सुटली की मी दप्तर दुकानात टाकून तोफखान्याच्या रेंजच्या कडेकडेनं भटकायचो. तिकडे माणसांना मज्जाव होता, त्यामुळे गवत कमरेएवढं वाढायचं. त्या गवतात चंडोल होते, खोकड होते, कधी साळिंदराचा काटा सापडायचा. "एक दिवस गोळा लागून मरशील," असं वडील सुईत दोरा ओवताना, वर न बघता म्हणायचे.

पुढे मी इंजिनीअर झालो, अंबडच्या एका कारखान्यात लागलो, तिथून मुंबईला गेलो आणि मुंबईतून एका परदेशी सल्लागार कंपनीत. पुढची अठ्ठावीस वर्षं विमानतळांवर गेली. कन्सल्टंट म्हणजे नेमकं काय करायचात, असं लोक विचारतात. एखादी कंपनी आजारी पडली की मी तिथे जायचो, तीन-चार आठवडे सगळ्यांशी गोड बोलायचो, कुठे दुखतंय ते शोधायचो आणि कोणता भाग कापायचा ते लिहून द्यायचो. यात गोड बोलणं सगळ्यात महत्त्वाचं. आपली दुखरी जागा माणूस शत्रूला दाखवत नाही. मित्राला दाखवतो.

सूटकेसमध्ये सुटाच्या घडीत दुर्बीण असायची. मीटिंगच्या आधी पहाटे मी जिथे असेन तिथली नदी, तळं, नाहीतर निदान बाग गाठायचो. पूर्वेकडच्या एका देशात आम्हाला बंदरासाठी जागा सुचवायची होती. त्या खाडीवर मी पहाटे उभा होतो. ओहोटी लागलेली, चिखलावर तुतवार आणि चिखल्यांचे थवेच्या थवे. डोळे भरून पाहिलं. आणि दुपारी बैठकीत हीच जागा सगळ्यात सोयीची, असं सांगून मोकळा झालो. अहवालात पक्ष्यांविषयी एक ओळ होती. ती मीच लिहिली होती, आणि तिच्यामुळे कुणाचं काही अडणार नाही अशी लिहिली होती. बंदर झालं. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. त्यातला एक डॉक्टर.

निवृत्त होऊन आम्ही नवरा-बायको नाशिकला परत आलो. पहिल्याच हिवाळ्यात मला पेठ रोडच्या बाजूला, शहर मागे टाकल्यावर लागणाऱ्या एका टेकडीत तरसाची गुहा सापडली. नेमकी जागा मी अजूनही सांगत नाही. सापडली म्हणजे मला दाखवण्यात आली. त्या टेकडीवर एक बाई शेळ्या चारायची. साठीच्या आसपासची, हातात विळा, बोलणं कमी. मी दुर्बिणीनं झाडं धुंडाळत होतो, तर तिनंच विचारलं, "पाखरं बघता का? तरस बघायचं का?"

तरस कुणाला आवडत नाही. मागून उतरलेली पाठ, मळकट पट्टे, मेलेली जनावरं हाडांसकट खाणारं तोंड. मला तर पाहिल्या क्षणापासून आवडलं. उजाडता उजाडता मादी परत यायची, गुहेच्या तोंडाशी थांबायची, वारा हुंगायची आणि आत जायची. तीन वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी तिथे जाऊन समोरच्या उतारावर बसायचो. तिनं मला ओळखलं होतं असं म्हणणार नाही. तिनं मला खपवून घेतलं होतं.

"तुमच्या शेळ्यांना काही करत नाही?" मी त्या शेळ्यांवाल्या बाईंना एकदा विचारलं. त्यांना मी मावशी म्हणू लागलो होतो.

"ती बी पोरांचीच आई हाय," त्या म्हणाल्या. "मेलेलं खाती. जित्याच्या वाटंला जात नाय."

मघाशी म्हटलं ते डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. पन्नाशीच्या आतले, कॉलेज रोडला दवाखाना, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या आमच्या गटात ते आले, मला सर म्हणू लागले, माझ्या परदेशातल्या गोष्टी तोंड उघडं टाकून ऐकू लागले. त्या वर्षी मार्चमध्ये मादीला तीन पिल्लं झाली होती. मी आनंदात होतो, आणि आनंदात माणूस बोलतो. मी डॉक्टरांना गुहा दाखवली. बसायचं कुठे, वारा कुठून असताना यायचं, किती वेळ थांबायचं, सगळं सांगितलं. हे मी केलं. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

एप्रिलमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे धुळीत जायला बंदी. नंतर गेलो तर गुहा रिकामी. पिल्लं मोठी होऊ लागली की तरस जागा बदलतं, म्हणून मी मनाची समजूत घातली. मावशी लांबूनच शेळ्या वळवून निघून गेल्या. पुढे पावसाळाभर तसंच. हाक मारली तर मान हलवायच्या आणि पलीकडच्या उताराला लागायच्या. मला वाटलं, वय झालं, ऐकू कमी येत असेल.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. मी आणि बायको उद्घाटनाला गेलो. दारासमोरच्या भिंतीवर, सगळ्यात मोठ्या आकारात, माझी मादी होती. गुहेच्या तोंडातून बाहेर येणारी, तोंडात पिल्लू, आणि भोवती सोनेरी, विरळ धुकं. खाली नाव लिहिलं होतं, ‘धुक्यातली आई’. लोक उभे राहून बघत होते. डॉक्टर सांगत होते, "ते पिल्लू बघा, आईच्या तोंडात किती विश्वासानं अंग सैल सोडून पडलंय."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवताच माझे हात थांबले. पिल्लाचा आकार मला पाठ होता. मार्चमध्ये जन्मलेलं पिल्लू तेवढं एप्रिलमध्येच असणार. आणि एप्रिलमध्ये, पेठ रोडला, त्या उघड्या माळावर धुकं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेकडीवर गेलो आणि मावशींच्या वाटेत उभा राहिलो.

"मावशी, उन्हाळ्यात इथं कोण आलं होतं?"

"मलाच इचारता? तुमचाच मानूस आलता. मोठ्या कॅमेऱ्याचा. संगं एक गडी. ओलं गवत पेटवलं गुहेच्या तोंडाशी, वर मिरच्या टाकल्या. मी म्हनलं, आरं काय करता? तर म्हने, सायबाला इचारलंय."

"कोणत्या साहेबाला?"

"तुम्हाला. दुसरा कोन सायब येतो इथं? मला वाटलं तुम्हीच धाडलं. म्हनून बोलले नाय. तुमच्याशी बी नाय बोलले."

मी खाली दगडावर बसलो. मग त्यांनी उरलेलं सांगितलं. मादी एक पिल्लू तोंडात धरून बाहेर पळाली. त्याची मान लोंबत होती. ओढ्यापाशी तिनं ते ठेवलं, चाटलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मग तिथंच सोडून गेली. आतली दोन पिल्लं आतच राहिली. दोन दिवसांनी गावातल्या कुत्र्यांनी ती ओढून काढली. भिंतीवरच्या त्या चित्रात विश्वासानं अंग सैल सोडून पडलेलं पिल्लू मेलेलं होतं.

गुहेच्या तोंडाशी मी माती उकरली. काळी राख निघाली आणि तिच्यात मिरचीचे देठ. एक देठ खिशात घालून घरी आणला. बायकोनं धुवायला टाकलेल्या शर्टातून तो काढला आणि विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. तिनं देठ माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, "आधी नीट तक्रार करा. बाकी काही करू नका."

तक्रार केली. वनखात्यातल्या अधिकाऱ्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, मला पटतंय. पण नुसतं पटून भागत नाही. तो म्हणणार धुकं होतं. राख कुणाचीही असू शकते. त्या दिवसाचे सगळे मूळ फोटो मिळाले तर गोष्ट वेगळी."

जिना उतरता उतरता मला कळलं की हे काम मला येतं. आयुष्यभर हेच केलं होतं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "डॉक्टर, तो फोटो नाशिकच्या भिंतीवर राहण्यासारखा नाही. तो बाहेर जायला हवा." परदेशात वन्यजीव छायाचित्रांची एक मोठी स्पर्धा असते. तिचे नियम मी आधीच वाचले होते. अंतिम फेरीत पोचलं की परीक्षक मूळ फाइल मागतात, आणि तिच्या आधीचे आणि नंतरचे फोटोही सलग क्रमांकानं मागतात. डॉक्टरांनी नियम वाचले नाहीत. ते म्हणाले, "सर, ते बाहेरचं इंग्लिश, ते फॉर्म मला नाही जमत. तुम्ही बघाल?"

"मी बघतो," मी म्हटलं.

पाच महिने मी त्यांच्या घरी चहा प्यायलो. त्यांच्या इतर चित्रांची निवड केली, ते पैसे घेऊन हौशी छायाचित्रकारांना जंगलात न्यायचे, त्या सहलींची माहितीपत्रकं सुधारून दिली. त्यांची मुलगी कॉलेजात होती, तिच्या परदेशी प्रवेशाचं पत्र तपासून दिलं. ती मला काका म्हणायची. स्पर्धेच्या अर्जात एक प्रतिज्ञापत्र होतं, की चित्र घेताना प्राण्याला कोणताही त्रास दिलेला नाही. मी ते त्यांना मराठीत, शब्दन् शब्द समजावून सांगितलं. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. हात जरासुद्धा अडखळला नाही. त्या सहीकडे बघताना मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, मला सुख वाटलं.

मार्चमध्ये अंतिम फेरीचं पत्र आलं. फाइल्स मागितल्या होत्या. मी आधी वर्तमानपत्राला बातमी दिली. मग आमच्या गटातर्फे एका कॉलेजच्या सभागृहात सत्कार ठरवला, पत्रिका वाटल्या. माघार घेण्याची वाट बंद झाल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं की आता सलग फोटो लागतील. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "सर, मी नको ते काढून टाकलेत. हार्ड डिस्क देतो, तुम्हीच त्यातले बरे निवडा. मला दवाखान्यातून वेळ नाही."

काढून टाकलेले म्हणजे मुख्य फोल्डरमधून. त्याच डिस्कवर कॅमेऱ्यातून पहिल्यांदा उतरवलेली पूर्ण प्रत तशीच पडून होती. त्यांना ती आठवतही नसावी. दुपारी, जेवणं झाल्यावर, मी आणि बायको ते फोटो एकामागून एक बघत बसलो. गुहा. गडी वाकलेला. गवताची पेंढी. धूर. अजून धूर. गडी पेंढी हातानं आत ढकलताना. मग मादी. मग ओढ्याकाठी मादी, पाठमोरी, पिल्लासमोर. तो फोटो त्यांनी काढला होता आणि कुणाला दाखवला नव्हता.

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मी प्रत काढली आणि तासाभरात अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "आता होईल. थोडा वेळ लागेल, पण होईल."

इथे थांबता आलं असतं. बायकोनं तेच म्हटलं. "पुरावा दिलात ना? आता तो सत्कार रद्द करा. आजारी आहे म्हणून कळवा."

"नाही."

"का?"

"नोटीस बंद पाकिटातून जाते," मी म्हटलं. "टाळ्या उघड्यावर मिळाल्या होत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कामावर असताना तुम्ही असेच दिसायचात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ते संपलं."

सत्काराच्या दिवशी मी गाडी घेऊन मावशींना आणायला गेलो. त्यांनी ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसलं होतं. "मला तिथं काय बोलाया लावू नका," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला, नुसतं बसायचं. त्यांना पहिल्या रांगेत, माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसवलं. सभागृह भरलेलं. डॉक्टरांची मुलगी पुढे उभी राहून मोबाइलवर सगळं टिपत होती. पडद्यावरच्या चित्रांचा लॅपटॉप माझ्याकडे होता.

डॉक्टर बोलले, छान बोलले. संयम, निसर्ग, आईची माया. शेवटी म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा." मी उभा राहिलो.

"डॉक्टर, हे एप्रिलमधलं चित्र ना?"

"हो सर. तुम्हाला माहीतच आहे."

"एप्रिलमध्ये पेठ रोडला धुकं पडतं?"

ते हसले. "स्पर्धेच्या अर्जात धुक्याचं कॅप्शन तर तुम्हीच लिहिलंत सर!" लोकही हसले.

"तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं. त्रास दिला नाही या ओळीखालची सही तुमची आहे." मग मी मावशींकडे वळलो. दिलेला शब्द मला आठवत होता. तरी म्हटलं, "या बाई त्या दिवशी टेकडीवर होत्या. मावशी, ते काय होतं?"

त्या उठेनात. मी वाट पाहिली. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. शेवटी त्या खुर्चीचा हात धरून उठल्या.

"धूर व्हता," त्या म्हणाल्या. "मिरच्यांचा. ह्यानं केला."

मी लॅपटॉपवर बोट दाबलं. पडद्यावर गडी आला, हातात पेटलेली पेंढी. मग धूर. मग ओढा.

डॉक्टर माझ्याकडे वळले. ते लोकांना नाही, मला म्हणाले, "सर, तुम्ही मला शिकवता? खाडीभर पक्षी बुडवून बंदर बांधायला सांगितलंत, ते सांगा की यांना!"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "ते खरं आहे. मला कुणी असं उभं करून विचारलं नाही. तुम्हाला मी विचारतोय."

त्यांनी माईक खाली ठेवला. मुलीचा मोबाइल अजून वर धरलेलाच होता. ती "बाबा?" एवढंच म्हणाली. ते तिच्याजवळून, तिच्याकडे न बघता, बाजूच्या दारानं निघून गेले. मला तो "बाबा" ऐकू आला, आणि तरीही माझ्या छातीत जे उसळत होतं ते कमी झालं नाही.

घरी येताना बायको म्हणाली, "तो खाली उतरला तेव्हा तुम्ही हसत होतात."

"नव्हतो."

"मी बघत होते."

स्पर्धेतून त्यांचं नाव बाद झालं. सहली बंद पडल्या. वनखात्यानं गुन्हा नोंदवला, गड्याचा आणि डॉक्टरांचा जबाब घेतला. आमचा रविवारचा गटही फुटला. निम्मे म्हणाले, सरांनी बरोबर केलं. निम्मे म्हणाले, मुलीसमोर करायची काही गरज नव्हती. या निम्म्यांना मी उत्तर दिलं नाही. ओढ्याकाठच्या मादीसमोरही करायची गरज नव्हती.

पण एका गोष्टीचं उत्तर मला द्यावं लागलं. बातम्या आल्या, ती जागा कुठली ते लोकांनी हुडकून काढलं आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीवर गाड्या येऊ लागल्या. मग खात्यानं तिथे जाळी टाकली आणि पाटी लावली. माणसांना बंदी, जनावरांना बंदी. मावशी पंचवीस वर्षं जिथे शेळ्या चारत होत्या ती टेकडी बंद झाली. मी गेलो तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला, नालीतल्या गवतावर शेळ्या घेऊन उभ्या होत्या.

"तुमचं भांडन झालं," त्या म्हणाल्या. "माझी शेरडं कुठं नेऊ?"

 अठ्ठावीस वर्षं मी लोकांना परिणामांचे तक्ते काढून दाखवले, आणि या एका बाईला काय होईल याचा विचार मी एकदाही केला नव्हता. वर शब्द मोडून तिला उभं केलं होतं. त्यानंतर चार महिने मी खात्याच्या फेऱ्या मारल्या. शेवटी टेकडीचा पूर्वेकडचा उतार चराईला मोकळा झाला. अर्धीच टेकडी. त्या "बरं" म्हणाल्या.

परवा भेटल्या तेव्हा मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं, "आन् त्याचं काय झालं? तुमच्या डाक्टरचं?"

"केस चालू आहे. तारखा पडतात."

"आन् दवाखाना?"

"चालू आहे. लोकांचे दात दुखतात, लोक जातात."

"दवाखाना चालूच?" त्या थांबल्या. शेळी दूर गेली तरी तिला हाक मारली नाही. "मंग तुम्ही केलं काय इतकं?"

मी त्यांना सांगितलं ते बायकोलाही माहीत आहे. मी प्रत्येक तारखेला कोर्टात जातो. माझी साक्ष होऊन गेली, आता मला कुणी बोलवत नाही. तरी जातो. व्हरांड्यात डॉक्टर ज्या बाकावर बसतात त्याच्या समोरच्या बाकावर बसतो. बोलत नाही. ते मोबाइलमध्ये बघतात, पंख्याकडे बघतात, वकिलाशी उगाच काहीतरी बोलतात. कधीतरी नजर माझ्यावर येते आणि लगेच हलते. पुढची तारीख मिळाली की ते उठतात, मग मी उठतो.

"असं व्हय," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "जात ऱ्हा मंग."